कॅमेरा फी

घर घेताना प्रस्तुत लेखकानं एकूण दोन फ्लॅट पाहिले होते. दुसऱ्यातल्या नळाला भर दुपारी पाणी आलं, म्हणून तो घेतला. वीस वर्षांच्या कर्जाचा निर्णय सव्वा तासात झाला आणि त्यातली वीस मिनिटं चहात गेली. पण २०११ साली पहिला डीएसएलआर घ्यायचं ठरलं तेव्हा याच गृहस्थाला पाच महिने लागले. त्यासाठी त्यानं दोनशे पानी वही आणली, पट्टी लावून रकाने पाडले, पहिल्या पानाच्या डोक्यावर ‘श्री’ लिहिलं आणि खाली ‘विषय : कॅमेरा खरेदी’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढलेला माणूस प्रेमपत्रालाही जावक क्रमांक देतो.

मे महिन्यात वहीत चौदा कॅमेरे होते. गणपती बसेपर्यंत दोनच उरले : निकॉन डी३१०० आणि कॅनन ११००डी. पहिला ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालेला, दुसरा फेब्रुवारी २०११ मध्ये. एकाच्या नावात अक्षर आधी आणि आकडा मागून, दुसऱ्याच्या नावात आकडा आधी आणि अक्षर मागून. या दोन घराण्यांचं वैर इतकं पक्कं की निकॉनची लेन्स ज्या दिशेला फिरवून बसते, तिच्या बरोब्बर उलट दिशेला कॅननची बसते. फोकसचे बिंदू निकॉनला अकरा, कॅननला नऊ. मेगापिक्सेल निकॉनला १४.२, कॅननला १२.२.

या दोन मेगापिक्सेलांवर प्रस्तुत लेखकानं जुलै महिना घालवला. बायकोला, शेजाऱ्यांना, लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या अनोळखी माणसाला त्यानं या दोन मेगापिक्सेलांचं महत्त्व पटवून दिलं. मग एका रविवारी चुकून गुणाकार केला. एका कॅमेऱ्याचा फोटो ४६०८ ठिपके रुंद, दुसऱ्याचा ४२७२. म्हणजे फरक आठ टक्क्यांच्याही आतला. बरं, भिंतीवर लावायचा आठ बाय बारा इंची फोटो उत्तम छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या घरात त्याहून मोठा फोटो लावायला मोकळी भिंतच नाही. तो गुणाकार त्यानं वहीतून खोडून टाकला.

खरी गोष्ट वहीत कुठंच नव्हती. ती अशी, की एप्रिलमध्ये चुलतभावाकडं सत्यनारायण होता. चुलतभावाच्या गळ्यात कॅननचा ५५०डी होता, आणि घरातल्या झाडून साऱ्या बायका ‘अरे, माझा एक काढ ना’ म्हणत त्याच्यामागं फिरत होत्या. प्रस्तुत लेखकाच्या खिशातही कॅमेरा होता, चांगला चालू स्थितीतला. त्याला एका लहान मुलानं ‘काका, वेळ काय झाली?’ एवढंच विचारलं.

आता इथं थोडं आडवाटेला जाणं भाग आहे. वाचकांनी हवं तर प्रसाद घेऊन यावं.

कॅनन हे नाव आलं कुठून? १९३४ साली टोकियोत गोरो योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो पहिला नमुना-कॅमेरा केला, त्याचं नाव होतं ‘क्वानॉन’. क्वानॉन म्हणजे जपानची करुणेची देवता कान्नोन. कॅमेऱ्याच्या चिन्हात तिची हजार हातांची मूर्ती आणि भोवती ज्वाळा. लेन्सचं नाव ‘कश्यपा’, बुद्धाचे शिष्य महाकाश्यप यांच्यावरून. आपल्याकडं ज्याला गोत्र माहीत नसतं त्याला भटजी काश्यप गोत्र सांगायला लावतात. तिकडं त्यांनी ते थेट काचेला लावलं. पुढच्याच वर्षी ‘कॅनन’ हे नाव नोंदवलं गेलं आणि देवता मागं राहिली. त्याच कंपनीनं १९९३ साली नवशिक्यांसाठी काढलेल्या फिल्म कॅमेऱ्याला जपानात ‘किस’ असं नाव दिलं. करुणेपासून चुंबनापर्यंत यायला एकोणसाठ वर्षं लागली.

पण हे कान्नोन तरी मूळचं कुठलं? चीनमधली ग्वानयिन, आणि तिच्या मागं आपला अवलोकितेश्वर! अवलोकित अधिक ईश्वर, म्हणजे खाली वाकून जगाकडं करुणेनं बघणारा. हे कळलं त्या रात्री प्रस्तुत लेखकाला झोप लागली नाही. ज्यानं बावीस वर्षं फायलींवर ‘अवलोकनार्थ सादर’ लिहिलं, तो नकळत कॅमेऱ्याच्या कंपनीचंच नाव लिहीत होता. शिवाय हा देव परकाही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या एक्केचाळीस क्रमांकाच्या लेण्यात, अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर उभा आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला, डोळे झुकवलेला पद्मपाणी आहे, तोही हाच. त्याच्यापुढं निकॉनचं नाव पाहावं तर ‘निप्पॉन कोगाकु’चं आखूड रूप. कंपनी १९१७ ची, नावाचा अर्थ जपानी प्रकाशशास्त्र. म्हणजे एकीकडं साक्षात अवलोकितेश्वर आणि दुसरीकडं ‘महाराष्ट्र चष्मा भांडार’.

इतकं सगळं झाल्यावर प्रस्तुत लेखक कॅननच घेणार, अशी बायकोची खात्री झाली होती. त्यानं निकॉन घेतला. बायकोला त्यानं कारण दिलं की अवलोकितेश्वराची मस्तकं अकरा आणि फोकसचे बिंदूही निकॉनलाच अकरा, तेव्हा तत्त्वतः हाच देवाचा कॅमेरा. ती म्हणाली, “भावजींकडं कॅनन आहे म्हणून, ना?” बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं अचूक टिपण त्यानं कधी वाचलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोर्टातल्या बोरा बझारात खरेदी झाली. पाच महिन्यांच्या वहीतला एकही प्रश्न दुकानदारानं विचारू दिला नाही. त्याचा प्रश्न एकच : “बिलात पाहिजे की विदाउट?” प्रस्तुत लेखकानं बिलात घेतला. वर बॅग, आठ जीबीचं कार्ड, छोटा ट्रायपॉड आणि लेन्सचं हूड ‘कॉम्बो’मध्ये फुकट मिळालं. या हुडानं पुढं पंधरवड्यात घात केला. एका लग्नात प्रस्तुत लेखक पिवळ्या अक्षरांचा पट्टा छातीवर दिसेल अशा बेतानं फिरत असताना, तिथला खराखुरा फोटोग्राफर जवळ येऊन हळूच म्हणाला, “दादा, हूड उलटं आहे. तसं बॅगेत ठेवताना लावतात.” आवाज इतका मायाळू होता की त्यापेक्षा तो हसला असता तर बरं झालं असतं.

मग आला झुमाचा प्रश्न. सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर वीस पट झुमाचा छोटा कॅमेरा बाळगून होते. त्यांनी विचारलं, “तुझ्या याला झूम किती?” सोबतची लेन्स १८-५५. पंचावन्नाला अठरानं भागलं की तीन. “तीन पट,” प्रस्तुत लेखक म्हणाला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या टाकीवरचा कावळा टिपला आणि नुसता पडदा पुढं केला. कावळ्याच्या चोचीतली काडी दिसत होती. खरं म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या कॅमेऱ्यातला सेन्सर काकांच्या सेन्सरच्या साडेबारा पट मोठा होता, आणि अंधारात फोटो बरा येतो तो या क्षेत्रफळामुळं. पण साडेबारा पट सेन्सर गच्चीवर उभं राहून कुणाला दाखवता येत नाही.

अंधारात दाखवता येईल, म्हणून डिसेंबरात अजिंठा. तिकिटाच्या खिडकीवर पाटी होती : व्हिडिओ कॅमेरा २५ रुपये. डी३१०० हा १०८०पी व्हिडिओ घेणारा निकॉनचा पहिला डीएसएलआर, हे प्रस्तुत लेखकानं तोवर किमान साठ माणसांना सांगितलं होतं. खिडकीतल्या माणसाला तो म्हणाला, “साधा फोटोचाच आहे, साहेब.”

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहून त्यानं बटण अर्धं दाबलं. ऑटोवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला अंधार जाणवला आणि त्याच्या डोक्यातून फ्लॅश टुणकन वर आला. “ओ, फ्लॅश बंद!” पहारेकरी ओरडला, आणि सहलीला आलेली अख्खी शाळा वळून बघू लागली. तिथं फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षं टिकलेले रंग आहेत ते. फ्लॅशविना काढलेल्या एकवीस फोटोंत पद्मपाणी एकवीस प्रकारे हललेला आला. प्रतिस्पर्ध्याचा कॅमेरा घेऊन आलेल्या भक्ताला देवानं दर्शन नाकारलं, असा अर्थ प्रस्तुत लेखकानं लावला. चुलतभावानं फोनवर साधा अर्थ सांगितला : “अरे, तुझी लेन्स पंचावन्नवर एफ ५.६ च्या पुढं उघडतच नाही. फिफ्टी घे. एफ १.८. नऊ-दहा पट उजेड.”

प्रस्तुत लेखकानं तडक ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेतली. दोन मिळत होत्या : एकीच्या नावात शेवटी ‘डी’, दुसरीच्या ‘जी’. डी स्वस्त होती. चौदा कॅमेऱ्यांची वही लिहिणाऱ्या माणसानं एका अक्षराची चौकशी केली नाही. घरी येऊन लेन्स बसवली, तर पडद्यावर तीन रोमन अक्षरं लुकलुकू लागली : एफ, ई, ई. फी!

अजिंठ्याचे पंचवीस रुपये. दुसरं काही त्याच्या मनातच आलं नाही.

माहितीपुस्तिकेत खुलासा होता. डी लेन्सच्या अंगावर उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची वेगळी रिंग असते. ती २२ वर नेऊन खटका लावला नाही, तर कॅमेरा असा रुसतो. खटका लावला. फी गेली. पण फोकस होईना. डी लेन्सला फोकस करायला कॅमेऱ्यातल्या मोटरीनं फिरवावं लागतं, आणि या वर्गातल्या कॅमेऱ्याचं वजन-किंमत कमी राहावी म्हणून ती मोटर त्यात ठेवलेलीच नाही. जी लेन्समध्ये तिची स्वतःची असते. ही गोष्ट पुस्तिकेत छापलेली होती, लेन्स घेण्यापूर्वीपासून.

संक्रांतीला डोंबिवलीच्या आत्यानं बोलावलं. “कॅमेरा आण. माझा एक चांगला फोटो काढ,” ती म्हणाली. प्रस्तुत लेखकाचं ऊर भरून आलं. अखेर कुणीतरी म्हणालं. “कशासाठी, आत्या?”

“हार घालायला.”

तिच्या मागच्या भिंतीवर आतोबांची तसबीर होती. आतोबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करून घेतला. कापताना बाजूची माणसं गेली, पण आतोबांच्या डाव्या खांद्यावर ठेवलेला एक हात राहिला. अंगठीसकट. “तेरा वर्षं झाली,” आत्या म्हणाली, “यांच्याबरोबर त्या हातालाही मी हार घालते. कुणाचा आहे कुणास ठाऊक. माझ्या वेळी मुलांची धावाधाव नको.”

घरातल्या हजारो फोटोंत घरातली म्हातारी माणसं कुठं असतात, ते त्या वेळी प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आलं. ती कडेला असतात, पाणी देताना, अर्धी. त्याच्या आठ जीबीच्या कार्डात टाकीवरचे कावळे एकशे चाळीस होते आणि आत्या एकही नव्हती.

तिला खिडकीशी बसवलं. फोकस हातानं करायचा. व्ह्यूफाइंडरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की जमलं. पण आत्या हलली की ठिपका जाई आणि लेखक हलला तरी जाई. एफ १.८ वर दीड मीटरवरच्या माणसाचा जेमतेम सहा सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. “झालं का?” “थांब.” “अरे, एवढ्यात पूर्वी फोटोवाला रोल धुऊन आणायचा.” पाच मिनिटांत तिच्या चेहऱ्यावरचा हारासाठीचा गंभीर भाव थकून उतरला. मग ती त्या हाताबद्दल बोलू लागली. तो नणंदेच्या दिराचा असावा, तो माणूस उधार मागताना नेहमी असाच खांद्यावर हात ठेवायचा, आणि आता मेल्यावरही यांना सोडत नाही, असं म्हणून ती फसकन हसली. ठिपका तेवढ्यात स्थिर होता.

आठ बाय बारा छापून नेला. आत्यानं चष्मा लावून अवलोकन केलं. “डोळे बरे आलेत. पण कुड्या कुठायत? आणि मागं देवघर होतं, ते पुसलंस का?” मागचं पुसट होणं यालाच जपानी भाषेत बोके म्हणतात, लोक त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात, असं प्रस्तुत लेखकानं समजावलं. “पैसे देऊन पुसट?” ती म्हणाली आणि फोटो कपाटात ठेवणीतल्या साड्यांखाली ठेवून दिला.

त्या वर्गातला निकॉनचा शेवटचा डीएसएलआर, डी३५००, २०१८ साली आला. आता दोन्ही घराणी आरशाविनाच्या कॅमेऱ्यांत रमली आहेत. प्रस्तुत लेखकाचा डी३१०० तांदळाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो, कारण बोरिवलीच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. आत्या ८९ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत तिनं साड्यांखालचा फोटो काढून पाहिला आणि आपण आता अशा दिसत नाही, तेव्हा तो चालणार नाही, असा निकाल दिला. दोनशे पानी वहीचं शेवटचं पान कोरं होतं. त्यावर प्रस्तुत लेखकानं नोंद केली आहे : ‘आत्या. एफ ८. कुड्या.’