सात मात्रांचा शोध

प्रोग्रेसिव्ह रॉक साधारणपणे अठराव्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, सीनिअरच्या हेडफोनमधून सापडतो. सांगलीकडेही पद्धत हीच.

या संगीताची पहिली थोरवी लांबी. ‘येस’ या इंग्लिश बँडचे १९७२ चे ‘क्लोज टू द एज’ हे गाणे १८ मिनिटांहून जास्त चालते. इतका वेळ बैठक मारून ऐकायला मिरजेच्या पोराला साहेबानेच शिकवावे, हे रास्त आहे. मिरजेतल्याच दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणे चालते खरे. पण ते घराच्या फार जवळ पडते.

दुसरी थोरवी लयीची. पिंक फ्लॉइडचे १९७३ चे ‘मनी’ सात मात्रांत चालते, गिटारचा सोलो आला की चारवर येते. हे उमगलेला संशोधक रात्रभर टेबल बडवतो आणि सुट्टीत घरी गेल्यावर, तबल्यावर रूपक धरून बसलेल्या आजोबांना जरा हळू वाजवायला सांगतो.

जवळचे सूर विलायतेहून आले तरच ऐकावेत, हे सातारा जिल्ह्याने वेळीच ओळखले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या फारुख बलसाराने १९५८ च्या सुमारास मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ बँड काढला. पुढे लंडनला जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला, म्हणून ऐकण्याजोगा ठरला.

तेव्हा मिरजेच्या सतारी आणि तानपुरे आधी विलायतेला पाठवावेत, तिथल्या बँडने वाजवावेत, मग इथे हेडफोनवर ऐकावेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सीनिअरची शिफारस अजून यायची आहे.