शेजाऱ्याच्या केंद्रात घुसावे कसे: एएम प्रसारकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

समजा, १९८०च्या सुमारास तुम्ही अमेरिकेत मिडियम वेव्हवरचे एक रेडिओ केंद्र विकत घेतले आहे. अभिनंदन! एफएमवाल्यांनी स्टिरिओ आणि स्वच्छ आवाज दाखवून तुमचे निम्मे श्रोते पळवले आहेत. घाबरू नका. पुढील पायऱ्या क्रमाने पाळा, म्हणजे उरलेलेही जातील.

पायरी १. एखाद्या श्रोत्याच्या घरी जाऊन त्याच्या संचावर आपलेच केंद्र ऐका. तीनेक किलोहर्ट्झच्या पुढचा आवाज तिथे ढेपाळलेला असतो. निवेदकाचा ‘स’ ऐकू येत नाही आणि झांज वाजली की नाही ते वादकालाच ठाऊक. संचाचा दोष तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही, पण केंद्रातला ट्रेबल तुमच्याच हातात आहे.

पायरी २. तो चढवा. याला प्रीएम्फसिस म्हणतात. एफएममध्ये त्याचे प्रमाण ठरलेले असते: प्रसारक जेवढा ट्रेबल चढवतो तेवढाच संच उतरवतो आणि त्याबरोबर खरखरही उतरते. एएममध्ये असे काही ठरलेले नाही, त्यामुळे आपला कान हेच प्रमाण. पलीकडच्या केंद्राने थोडा चढवला, तर आपण थोडा जास्त. चढवल्याने आवाजाची टोके मर्यादेबाहेर गेली, तर क्लिपरने छाटून टाका. छाटण्यातून नवे हार्मोनिक जन्माला येतात, पण ते बहुतेक शेजाऱ्याकडेच जातात.

पायरी ३. गणिताकडे दुर्लक्ष करा. एएममध्ये आवाज वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना पसरतो, म्हणून १५ किलोहर्ट्झचा आवाज ३० किलोहर्ट्झ जागा घेतो. अमेरिकेत दोन शेजारी वाहक लहरींमधले अंतर मात्र १० किलोहर्ट्झच आहे. तुमचा ७ किलोहर्ट्झचा स्वर शेजारचे केंद्र लावणाऱ्याला ३ किलोहर्ट्झचा ऐकू येतो आणि ८चा २ होतो. जितका उंच स्वर, तितका तो तिकडे खाली उतरतो. या उलट्यापालट्या किलबिलाटाला इंजिनिअर ‘मंकी चॅटर’ म्हणतात. एकाच गावात शेजारशेजारच्या लहरी देत नाहीत, हे खरे. पण रात्री आयनोस्फिअरवरून परतणारी लहर शेकडो मैलांवर उतरते, तेव्हा मनासारखा शेजारी मिळतोच.

पायरी ४. संच बनवणाऱ्याची वाट पाहा. किलबिलाटाच्या तक्रारी आल्या की तो फिल्टर आणखी अरुंद करतो. निवेदकाचा ‘स’ पुन्हा गायब होतो. आता पायरी २ वर परत जा.

पायरी ५. या फेऱ्यांचा कंटाळा आला, तरच पुढे वाचा. प्रसारकांची संघटना एनएबी आणि संच बनवणाऱ्यांची ईआयए या दोघींनी मिळून नॅशनल रेडिओ सिस्टिम्स कमिटी चालवली. तिने १९८७मध्ये एनआरएससी-१ हे मानक काढले. सर्वांचे प्रीएम्फसिस एकच: ७५ मायक्रोसेकंद कालस्थिरांकाचे, पण वरच्या टोकाला लगाम घातलेले, त्यामुळे १० किलोहर्ट्झला वाढ सुमारे १० डेसिबलच. त्यापुढचा आवाज सरळ कापायचा. १९९०पासून अमेरिकी सरकारची नियामक संस्था एफसीसीने प्रसारणाच्या रुंदीवर सक्तीची मर्यादा आणली. २० किलोहर्ट्झ अंतरावरच्या केंद्रांना उसंत मिळाली. अगदी लगतच्या केंद्रातली घुसखोरी मात्र उरलीच, कारण १० किलोहर्ट्झचा आवाज लगतच्या वाहक लहरीपर्यंत पोचतोच.

भारतातल्या वाचकांसाठी टीप: आपल्याकडे दोन शेजारी वाहक लहरींमधले अंतर ९ किलोहर्ट्झ आहे. आकाशवाणीचे मुंबईचे ५५८, पुण्याचे ७९२ आणि नागपूरचे ५८५ हे आकडे नऊने भागून पाहा, बाकी उरणार नाही. म्हणजे दाटी अमेरिकेहून थोडी जास्तच.

निष्कर्ष: ठरलेले प्रीएम्फसिस ही एक जोडी असते. प्रसारकाने चढवायचे, संचाने तेवढेच उतरवायचे. कमिटीने प्रसारकांना शिस्त लावली, पण बहुतेक संचांचे फिल्टर पुढेही अरुंदच राहिले. तेव्हा नवशिक्याने ट्रेबलच्या बटणाला हात लावण्याआधी एक साधा रेडिओ विकत आणावा आणि आपले केंद्र त्यावर ऐकून मगच ठरवावे.