बूटीक हॉटेलात कसे राहावे (फक्त विवाहित स्त्रियांसाठी)

प्रस्तुत मार्गदर्शन नवऱ्यासह प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. उदाहरणादाखल शहर घेतले आहे पणजी, वस्ती फोंतेन्यास, आणि नवरा घरचाच.

पूर्वपीठिका थोडक्यात. बूटीक हॉटेल हा प्रकार १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या ‘मॉर्गन्स’मुळे गाजला. खोल्या मोजक्या, सजावट भरपूर आणि शक्यतो एक खोली दुसरीसारखी नाही, अशी त्यामागची कल्पना. ही कल्पना नवऱ्याच्या कानावर घालू नये. तो सामान खाली ठेवायच्या आत बाकीच्या खोल्या पाहून येतो आणि आपल्याला सगळ्यांत लहान दिली आहे असे जाहीर करतो.

खोली निवडताना आतल्या अंगणाकडची मागावी. फोंतेन्यासमधली अशी हॉटेले म्हणजे मुळात कुणाची तरी राहती घरे. तिथे लिफ्टची अपेक्षा धरू नये. लाकडी जिना असतो आणि रात्री कोण किती वाजता आले हे तो सगळ्यांना सांगतो. रस्त्याकडच्या खोलीला सुंदर बाल्कनी असते, पण तिच्याखाली सकाळपासून लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफर घेऊन उभी असतात. नवरा बनियनवर दात घासत बाहेर आला, की तो परक्यांच्या लग्नाच्या आल्बममध्ये कायमचा जातो. गल्लीतल्या रहिवाशांनी तर वैतागून ‘फोटो काढू नयेत’ अशा पाट्या लावल्या आहेत. मला त्यांचे अगदी पटते. आपल्या दारात रोज कुणी परकर सावरत पोझ देत बसले तर मी पाटीवर थांबले नसते.

ऋतू. पावसाळ्यात भाडे उतरते, म्हणून आमचे हे ऑगस्ट सुचवतात. मात्र इथली घरे पाऊस संपल्यावर रंगवायची, ही पोर्तुगीज अमदानीपासूनची रीत. पांढरा रंग चर्च-चॅपेलांचा. घरांनी निळे, पिवळे, कावेच्या रंगाचे व्हायचे. त्यामुळे जाहिरातीतला फोटो रंग ताजा असतानाचा आणि आपल्या वाट्याला येते ती ऑगस्टमधली शेवाळलेली भिंत. रंग हवा की पैसे, हे घरीच भांडून ठरवावे. कार्निव्हल आणि डिसेंबरअखेर या दोन वेळा भांडायचीही गरज नाही. जाऊ नये.

भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेले की जीएसटी १८ टक्के लागतो. नवऱ्याला सहलीत एवढा एकच आकडा पाठ असतो.

आता दिवे. या विषयाला स्वतंत्र ग्रंथ हवा. पलंगाशेजारी पितळी बटणांची एक देखणी पट्टी असते, आणि देखणेपणाला बाधा येऊ नये म्हणून कशावरही काही लिहिलेले नसते. एक दाबले की कोपऱ्यातल्या रिकाम्या फुलदाणीवर झोत पडतो. दुसरे दाबले की बाथरूममधला पंखा घरघरतो. निजायचा दिवा शोधता शोधता पहाट होते. आमच्या ह्यांनी औषधाच्या डबीतून चिकटपट्टी काढली, तिचे बारीक तुकडे केले, आणि बॉलपेनने लिहून एकेका बटणाखाली लावले: ‘पंखा’, ‘बाथरूम’, ‘उगाच’. चौथ्यावर लिहिले, ‘हे दाबू नये, मॅनेजर येतो’. सकाळी काढून टाका म्हटले, तर म्हणाले, “राहू दे गं, पुढच्याला उपयोग होईल.”

न्हाणीघरात छतातून पाऊस पडतो. केस न भिजवता आंघोळ करायची सोय जगातल्या एकाही सजावटकाराला सुचलेली दिसत नाही. अशा वेळी लाजू नये, बादली मागावी. ती असतेच, फोटोत चांगली दिसत नाही म्हणून लपवलेली असते. मगही मागावा, नाहीतर काचेच्या फुलदाणीने आंघोळ करावी लागते. ओला टॉवेल टांगायला खुंटी मात्र मागूनही मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे तो शिसवी पलंग. त्याचे चार खांब मच्छरदाणीसाठी केलेले. नवऱ्याने सोबत आणलेली नायलॉनची दोरी त्यांना झकास बसते. खोली आवरायला आलेल्या मावशींनी शंभर वर्षांच्या पलंगावर वाळत घातलेले बनियन पाहिले, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मावशी म्हणाल्या, “पंख्याखाली बांधा ओ, हय पावसात दोन दिवस वाळत नाय.” आणि त्यांनी व ह्यांनी मिळून दोरी सरकवली.

न्याहारी भाड्यात धरलेली असते, पण ती साडेआठला. तोवर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, नवरा खाली जाऊन गरम पोई आणतो, मग कॅफे भोसलेमध्ये पातळ भाजी होते. साडेआठला तो हॉटेलची न्याहारीही करतो, कारण पैसे दिलेत.

फिरायला फार लांब जाऊ नये. गल्लीतच सेंट सेबॅस्टियनचे चॅपेल आहे. तिथला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. त्यापुढे किती जणांना उभे केले असेल, एवढेच हे म्हणाले. परत येताना भावतावाचा विषय काही निघाला नाही.

निघताना बिल उभ्याने पाहू नये. जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचे आद्य अभ्यासक अॅबे फारिया यांचा पुतळा आहे: हात पसरलेले आणि समोर एक बाई कोसळते आहे. तिच्या हातात बिल नाही, एवढाच फरक. आमचे बिल मात्र ह्यांनी चष्मा लावून ओळन्‌ओळ वाचले, न उघडलेली पाण्याची बाटली कमी करून घेतली, आणि मॅनेजरला विचारले, “डिसेंबरात काय लावता?”