कोंबडा का तलंग?

पोरगाच हवा म्हणून नवस बोलणाऱ्या गावात पोरगीच होवो अशी मनापासून प्रार्थना कुठे होत असेल, तर ती कोंबडीच्या डालग्यापाशी. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गल्लीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडतात आणि बाविसाव्या दिवशी तज्ज्ञ. लिंगनिदानबंदीचा १९९४चा कायदा कोंबड्यांना लागू नाही, त्यामुळे चर्चा उघड्यावर, चहासकट होते.

काकू अंड्यापासूनच सुरुवात करतात. "टोकदार अंड्यातून कोंबडा निंगते, गोल अंड्यातून तलंग." अ‍ॅरिस्टॉटलनं नेमकं उलटं लिहून ठेवलंय, असं मी म्हणालो. काकूंनी विचारलं, "त्याच्या घरी कोंबड्या होत्या काय?"

शेजारचे मामा पाय चाचपतात. जाड पाय म्हणजे कोंबडा. त्यांचा भाचा मोबाइलवरचं शास्त्र आणतो. पंख अलगद पसरायचा. खालची पिसं वरच्यांपेक्षा लांब दिसली की मादी. खोटं नाही ते, पण मुद्दाम तसा संकर जुळवलेल्या पिल्लांतच चालतं. आमच्या गावरान पिल्लांच्या वाडवडिलांत गिरिराज असतो, वनराज असतो आणि कुंपणावरून आलेला एखादा अनोळखी पाहुणाही असतो.

खरं कसब जपान्यांचं. मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२०च्या दशकात एका दिवसाच्या पिल्लाच्या शेपटाखालचा टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा पाहून नर ओळखायची रीत बसवली. तरबेज माणूस तासाला हजारभर पिल्लं निवडतो. हे ऐकून मामांनी एक पिल्लू उलटं धरलं, चष्मा वर केला, खाली केला. पिल्लानं त्यांच्या तळहातावर आपलं मत नोंदवलं. हात धोतराला पुसत मामा म्हणाले, "कोंबडाच आहे."

पक्ष्यांत नर का मादी हे आईच्या अंड्यावर ठरतं, बापावर नाही. म्हणजे सुनेला बोल लावणाऱ्या सासूचं म्हणणं फक्त खुराड्यातच शास्त्रशुद्ध! आणि साधारण निम्मी पिल्लं नर निघतातच, त्यामुळे आमचा एकही तज्ज्ञ अजून बेकार झालेला नाही.

पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा लालसर होतो. तिसऱ्या महिन्यात कमरेवर टोकदार, चकचकीत पिसं लोंबू लागतात. मग आंधळ्यालाही कळतं. "मी म्हटलं नव्हतं?" असं सगळेच म्हणतात. यंदा फक्त काकू अडून बसल्या. आखाडी तोंडावर, जावई येणार, आणि त्यांचं लाडकं पाखरू लालभडक तुरा मिरवत अंगणात हिंडतंय. "तलंग आहे थे," काकू म्हणाल्या. तेवढ्यात ते फाटक्या आवाजात आरवलं.

"तलंगबी आरवते कधी कधी."

भाच्यानं मोबाइल काढला. "खरं आहे काकू. अंडाशय बिघडलं तर मादीलाही मोठा तुरा येते, आरवते बी."

"पाह्य," काकू मामांना म्हणाल्या, "मोबाइलबी तेच म्हन्ते. आता बिमार पाखरू जावयाले खाऊ घालता काय?"