सही सलामत
लाच कशी खाऊ नये, हे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा फार बारकाईने शिकवतो. ती रोख आणि जागेवर खाऊ नये. सातबाऱ्यावर फेरफार धरायला पाचशे रुपये घेणाऱ्या तलाठ्याच्या बोटांना नोटांवरची अँथ्रासीन पावडर लागली आणि दिव्याखाली चमकली, की त्याला कुणाच्या परवानगीवाचून उचलता येते. याउलट, न झालेल्या रस्त्याचे बिल काढणाऱ्याच्या बोटांना फार तर शाई लागते. शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात खडीचा थर लिहितो, उपअभियंता मोजमाप तपासल्याची सही करतो, कार्यकारी अभियंता बिल पास करतो. खडी कागदावर असल्याने पावसातही वाहून जात नाही. या सह्या म्हणजे पडले ‘कामकाजाच्या ओघात घेतलेले निर्णय’, आणि २०१८ साली आलेल्या कलम १७ अ नुसार अशा निर्णयाची नुसती चौकशी करायलाही सरकारची किंवा संबंधिताला बडतर्फ करू शकणाऱ्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. मुदत तीन महिने, वर एक महिना वाढीव. ती टळली तर पुढे काय, याबद्दल कलम मौन पाळते. परवानगी मिळून तपास झालाच, तर खटल्यासाठी कलम १९ खाली पुन्हा मंजुरी मागायची. म्हणजे फाइल पुन्हा त्याच दारात.

या तरतुदीची चिकाटी मात्र वाखाणण्याजोगी आहे. वरिष्ठांच्या चौकशीआधी सीबीआयने परवानगी घ्यावी, हा सरकारी आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात रद्द केला. २००३ मध्ये तो कायद्यात शिरला. २०१४ मध्ये घटनापीठाने तोही उडवला, कारण सहसचिव आणि त्यावरच्यांनाच वेगळी वागणूक देणे समतेत बसत नव्हते. सरकारने समतेचा मान राखला आणि चार वर्षांनी तेच छत्र शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांवर धरले.

यावर म्हणतात, असे छत्र नसेल तर प्रामाणिक अधिकारी सहीच करणार नाही. निविदा हुकलेला प्रत्येक ठेकेदार तक्रार ठोकेल. भीती खोटी नाही. पण लाच न घेताही, केवळ कुणाला सार्वजनिक हिताविना लाभ झाला म्हणून अधिकाऱ्याला गुन्हेगार ठरवू शकणारे जुने कलम त्याच २०१८ च्या दुरुस्तीने काढून टाकले. प्रामाणिक माणसाची सोय तिथेच झाली होती. मग हे दुसरे कुलूप कुणासाठी? खोट्या तक्रारी गाळायला चाळणी हवीच, फक्त ती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्याच हाती नको. लोकायुक्तांकडे द्या, हरकत कोण घेईल? (घेतील म्हणा.)

तक्रारदाराकडे वेगळ्या नजरेनेही पाहता येते. अमेरिकेत १८६३ च्या कायद्याने सरकारला लुबाडणाऱ्यावर सामान्य नागरिकही सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि जिंकल्यास त्याला वसुलीतला साधारण १५ ते ३० टक्के वाटा मिळतो. टक्केवारी आपल्याकडेही आहे, ती बिल निघण्याआधी ठरते. बाकी तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा आपल्या संसदेने २०१४ मध्येच मंजूर केला आहे. तो लागू करायची अधिसूचना तेवढी निघायची राहिली आहे. बहुधा तिलाही पूर्वपरवानगी लागत असावी.