कपकेक आणि कॉमिक सान्स

संघ सोडून गेलेल्या खेळाडूला शिव्या घालण्यात जी मजा आहे, ती त्याचा खेळ पाहण्यात नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. पटत नसेल तर क्लीव्हलंडकडे बघा.

८ जुलै २०१०. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलंड सोडून मायामीला जायचं ठरवलं. जावं की! मालकांना फोन करावा, निमूट सामान बांधावं. पण या गृहस्थाने त्यासाठी टीव्हीवर ‘द डिसिजन’ नावाचा खास कार्यक्रम केला. म्हणजे मुलीकडच्यांना नकार कळवायचा, तोही मांडव घालून, बँड लावून! क्लीव्हलंडकरांनी त्याच रात्री त्याच्या जर्सी जाळल्या.

संघमालक डॅन गिल्बर्ट तर असे पेटले की त्यांनी चाहत्यांना जाहीर पत्रच लिहिलं: या स्वयंघोषित राजाच्या आधी चषक आम्ही जिंकू! अक्षरं मात्र कॉमिक सान्समधली, गोलगोल, हसरी. इतक्या गोंडस टायपात इतका जळफळाट मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्याच एका कंपनीने लेब्रॉनच्या भिंतीवर चिकटवायच्या चित्रांची किंमत ९९.९९ वरून १७.४१ डॉलरवर आणली. १७४१ हे अमेरिकेचा नामांकित गद्दार बेनेडिक्ट अर्नोल्ड याचं जन्मसाल! सूड घ्यावा तर असा अभ्यास करून.

२०१६ मध्ये केव्हिन ड्युरंटने कहर केला. ज्या गोल्डन स्टेटने ३-१ अशी आघाडी उलटवून त्याच्या ओक्लाहोमा सिटी संघाला हरवलं, त्यांच्यातच तो जाऊन बसला. पुढच्या फेब्रुवारीत तो ओक्लाहोमा सिटीत खेळायला आला, तेव्हा सगळं स्टेडियम ‘कपकेक! कपकेक!’ म्हणून ओरडत होतं. आपल्याकडे रविवारची सकाळ. चहाचा कप ठेवता ठेवता बायकोने विचारलं, “केकवर एवढं चिडायचं काय?” मला उत्तर देता आलं नाही. ड्युरंट ३४ गुण करून, सामना जिंकून गेला.

आता डीमार डीरोझनचं बघा. टोरांटोत नऊ हंगाम इमानाने खेळला, तिथंच राहायचं म्हणत होता. २०१८ मध्ये व्यवस्थापनाने त्याला सॅन अँटोनिओला धाडला. पुढच्याच वर्षी टोरांटोने चषक जिंकला आणि व्यवस्थापन हुशार ठरलं! मालकाने खेळाडू घालवला की तो व्यवहार, आणि खेळाडू आपल्या पायाने गेला की गद्दारी.

लेब्रॉन २०१४ मध्ये परतला. २०१६ मध्ये त्याने क्लीव्हलंडला चषक जिंकून दिला; त्या शहराचं ५२ वर्षांतलं पहिलं मोठं विजेतेपद. २०१८ मध्ये तो पुन्हा सोडून गेला, या खेपेला लॉस एंजेलिसला. नोव्हेंबरात पाहुणा म्हणून खेळायला आला, तेव्हा त्याच क्लीव्हलंडकरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.