रिलेच गेला असणार!

ब्रेक लाईट हा गाडीचा असा अवयव आहे, जो मालक सोडून अख्ख्या गावाला दिसतो. त्यामुळे त्याचं दुखणं आपल्याला कळत नाही, कळवलं जातं. कळवणारा सिग्नलला शेजारी येऊन थांबतो, काचेवर टकटक करतो, मागे बोट दाखवतो आणि हिरवा पडताच निघून जातो. डिकी उघडी राहिली, टायर बसला की ब्रेक लाईट गेली, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

मग पार्किंगमध्ये येऊन बॉनेट उघडावं. चारेक मिनिटांत सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ पाठीमागे हात बांधून येतात, आत वाकून बघतात आणि म्हणतात, "रिलेच गेला असणार." गृहस्थ आले नाहीत, तर बॉनेट नीट उघडलेलं नाही असं समजावं. बंद पडलेली कुठलीही गाडी पाहून "बॅटरी" म्हणायची जुनी पद्धत होती, आता तिची जागा रिलेने घेतली आहे. तेव्हा या बिचाऱ्यावर आळ घेण्याआधी चौकशी कशी करावी, ते सांगतो.

साहित्य : एक टेस्ट लॅम्प, म्हणजे बल्बला दोन वायरी जोडलेला तो गॅरेजवाल्याचा दिवा. हातभर वायर. एक मीटर (असल्यास). आणि गाडीमागे उभं राहायला एक माणूस. हा माणूस शक्यतो घरातला नसावा. "लागली का?" या प्रश्नाला "मगाशी लागली होती" असं उत्तर येतं आणि पुढचा अर्धा तास विजेशी संबंध नसलेल्या विषयांवर जातो. माणूस मिळालाच नाही, तर गाडी भिंतीला पाठ लावून उभी करावी, लांब दांड्याची छत्री पेडल आणि सीटच्या मध्ये अडकवावी, सीट पुढे ओढावी आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का ते उतरून पाहावं. लाटणं घेऊ नये. ते पुरत नाही आणि त्याची विचारणा होते.

आता नाडी बघावी. मागच्या दोन आणि काचेतली वरची एक, अशा तीन लाईट. एकच गेली असेल तर रिलेचं नावही काढू नये. बल्ब किंवा होल्डर पाहावा. बल्बमध्ये तारा दोन असतात : टेल लाईटची ५ वॅटची बारीक आणि ब्रेकची २१ वॅटची जाड. टेल लाईट लागते म्हणून बल्ब चांगला, हा निष्कर्ष भल्याभल्यांनी काढला आहे. खालच्या दोन्ही गेल्या आणि वरची चालू असेल, तर बहुधा दोन्ही बल्बच गेलेत. पहिला काही महिन्यांपूर्वी गेला, तेव्हा काचेवर टकटक करणारं कोणी भेटलं नाही, एवढंच. ब्रेक दाबल्यावर भलतीच लाईट मिणमिणायला लागली तर अर्थिंग पाहावं. दोन-चार पावसाळे खाल्लेल्या गाडीत तिथे गंज असतोच. तिन्ही एकदम गेल्या, तरच फ्यूज, पेडलवरचा स्विच आणि रिले यांना समोर बोलवायचं, आणि तेही याच क्रमाने.

रिलेचं काम सरकारी कचेरीसारखं असतं. साहेब, म्हणजे पेडलचा स्विच, स्वतः फाइल उचलत नाही, फक्त बेल वाजवतो. त्या एवढ्याशा करंटने आतल्या कॉइलचं लोहचुंबक होतं, ते पत्ती ओढून घेतं आणि बल्बचा मोठा करंट त्या पत्तीतून जातो. पत्ती ओढली गेली की "टिक" असा आवाज येतो. हे शिपायाचं "आलो साहेब". रिले ठीक आहे असं लोक या आवाजावरून ठरवतात. शिपाई "आलो" म्हणाला म्हणजे फाइल हलली असं असतं का? कॉइल शाबूत आणि कॉन्टॅक्टवर कार्बन, असा रिले दिवसभर टिकटिकतो आणि उजेड पाडत नाही. म्हणून रिले काढून त्याच्या जागेतले ३० आणि ८७ या आकड्यांचे पॉइंट वायरीने जोडावेत. लाईट लागली तर पुढची सगळी वायरिंग निर्दोष. मग ८५ आणि ८६ मध्ये मीटर लावून ब्रेक दाबावा. १२ व्होल्ट आले, म्हणजे साहेबाने बेल वाजवली आहे. आता गुन्हेगार रिलेच.

मीटर नसेल तर हॉर्नचा रिले काढून इथे आणि इथला तिथे लावावा, मात्र दोन्हींवरचा नंबर तोच हवा. ब्रेक लाईट लागली आणि हॉर्न मुका झाला, की निदान पक्कं. दुकान उघडेपर्यंत कोणाला जिवंत ठेवायचं हा ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे. मी ब्रेक लाईट ठेवली आणि चौकापर्यंत जाऊन परत आलो.

एक गोष्ट मात्र आधीच तपासावी : आपल्या गाडीत ब्रेक लाईटला रिले आहे का? बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतोच, स्विचमधून करंट थेट बल्बकडे जातो. नसलेला रिले शोधण्यात रविवार फार छान जातो.

माझ्या गाडीत तो होता आणि दुखणं उलटं होतं : लाईट विझेचना. रात्री वॉचमनने वर फोन केला, "साहेब, गाडी लाल झालीय." २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर, दहा तासांत पस्तीस अँपिअर-अवर, आणि छोट्या गाडीची अख्खी बॅटरी तेवढीच. रिलेची पत्ती चिकटली असणार, असं गृहस्थांचं आणि माझं प्रथमच एकमत झालं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेला टपली मारली, टीव्हीला मारायचो तशी. नवा रिले आणला. लाल ती लालच.

तेव्हा कुठे शवासन आणि हलासन यांच्या मधलं आसन घालून पेडलखाली डोकं घातलं आणि स्विचचा कनेक्टर उपटला. लाईट विझली. म्हणजे रिले बापडा हुकमाचा ताबेदार होता. साहेबच बेलवरचं बोट उचलत नव्हता. पेडलच्या पट्टीला भोक असतं, त्यात प्लास्टिकचं एक बटण बसवलेलं असतं, आणि पेडल वर आलं की ते स्विचची दांडी दाबून लाईट बंद करतं. बटण झिजून फुटलं होतं आणि दांडी भोकातून आरपार गेली होती. त्याचे पिवळट तुकडे मॅटवर पडले होते. चार दिवसांपूर्वी तेच तुकडे मी गाडीत बिस्किटं खातो म्हणून मुलाला रागावत झाडून टाकले होते.

वायरमनने त्या भोकात एक नट-बोल्ट आवळून दिला. तो अजून तिथेच आहे. नवा रिले ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.

काल गृहस्थांच्या गाडीची डावी ब्रेक लाईट लागत नव्हती. टेल लाईट लागत होती. बॉनेट उघडून ते आत बघत उभे होते. मी पाठीमागे हात बांधले, वाकलो आणि म्हणालो, "काका, रिलेच गेला असणार."